दिव्यांच्या शहरात तारे पाहू या

आकाशदर्शनाचा विषय निघाला की आमच्या मंडळींकडून दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर असे की, "आता शहरात तारे कुठे दिसतात? त्यासाठी लांब रानात जायला हवे." दुसरे उत्तर असे की, "ते पैसेवाल्यांचे काम. दुर्बीण हवी, इंग्रजी पुस्तके हवीत, जायला-यायला मोटार हवी." ही दोन उत्तरे ऐकली की घरातले जिज्ञासू मूल गप्प बसते आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालते. आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. आकाशाची ओळख शहरातून होऊ शकते, ती आपल्या गच्चीवरून किंवा अंगणातून होऊ शकते आणि पहिले सहा महिने तिला एक पैसाही लागत नाही. ते कसे, हे या वेळी सांगायचे आहे.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, माळनाका, बसस्थानक हा सगळा पट्टा रात्री उशिरापर्यंत लखलखत असतो. मिरकरवाडा बंदरावर दिवे, नव्या इमारतींच्या आवारात दिवे, दुकानांच्या पाट्यांवर दिवे. निदान समुद्राच्या बाजूला तरी काळोख असेल म्हणून मांडवीला जावे, तर पाण्यावरही दिवे दिसतात. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. त्या दिव्यांनी माशांच्या पिल्लांचे आणि लहान मच्छीमाराच्या पोटाचे नुकसान होते हे बंदीचे कारण होते. आकाशाचे नुकसान त्या हिशेबात कुणी धरले नव्हते. तरीही सांगतो, याच रत्नागिरीतून चंद्रावरचे डोंगर दिसतात, गुरूचे चार चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका दिसतो आणि लंडनच्या माणसाला जन्मात घरून न दिसणारा अगस्त्य ताराही दिसतो.

उजेड जातो कुठे?

शहरात तारे कमी का दिसतात, हे आधी समजून घेऊ. तारे कमी झालेले नाहीत आणि त्यांचा प्रकाशही कमी झालेला नाही. आपल्या दिव्यांचा जो उजेड जमिनीवर न पडता वर किंवा आडवा जातो, तो हवेतील धूळ, बाष्प आणि समुद्रावरून येणारे मिठाचे कण यांवर आदळून सगळीकडे विखुरतो. त्यामुळे आकाशाचा काळा फळाच राखाडी होतो. राखाडी फळ्यावर खडूने बारीक लिहिले तर वाचता येत नाही, ठळक अक्षर मात्र वाचता येते. ताऱ्यांचेही तसेच होते. अंधुक तारे बुडतात, ठळक तारे उरतात.

काळोख्या जागी, चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री, साध्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. मोठ्या शहराच्या मध्यावर हीच संख्या शे-दीडशेच्याही खाली येते. अमेरिकेतील जॉन बॉर्टल या हौशी निरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखाच्या नऊ इयत्ता पाडल्या. पहिली इयत्ता सर्वात काळोखी, नववी म्हणजे महानगराचा मध्य. शास्त्रज्ञांनी २०१६ साली जगाचा नकाशा तयार केला तेव्हा आढळले की जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक उजेडाने मळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही. जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यातून वाट काढली आहे.

एका कारकुनाची गोष्ट

आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. विजयदुर्ग किल्ल्यावर काही दगडी कट्टे आहेत, त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८६८ साली लॉकियर नावाच्या साहेबाने तेथून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायू शोधला, अशी माहिती सर्रास छापली जाते. खरी हकिकत वेगळी आहे आणि आमच्या मते ती अधिक मोलाची आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी भारतात नव्हते. ते लंडनमध्ये युद्ध खात्याच्या कचेरीत कारकून होते. दिवसा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून आकाश, असा त्यांचा क्रम होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनी, कोणतेही ग्रहण नसताना लंडनमधूनच त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती, ती माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. त्यावरून त्यांनी नव्या मूलद्रव्याचा अंदाज बांधला आणि त्याला हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ साल उजाडावे लागले. कोळशाच्या धुराने भरलेल्या लंडन शहरातून एका कारकुनाने हे काम केले! आम्हीही कचेरीत फायली पुढे सरकवणारी माणसे असल्यामुळे या गोष्टीचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो.

लॉकियर विजयदुर्गला आले ते पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. तेव्हा विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. ग्रहणाची खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची, आणि बरोबर शास्त्रज्ञ होते मोजके. मग त्यांनी काय करावे? मेल्पोमीन नावाच्या युद्धनौकेवरील खलाशांना आणि अधिकाऱ्यांना हाताशी धरले. कुणी सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे चित्र काढायचे, कुणी वेळ मोजायची, कुणी उपकरण सांभाळायचे, अशी कामे वाटून त्यांच्याकडून तालीम करून घेतली. खलाशी काही खगोलशास्त्राचे पदवीधर नव्हते. शिकवले तर सामान्य माणूस शास्त्राच्या कामी येतो, हे आपल्याच किनाऱ्यावर सिद्ध झाले.

याच जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड येथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. पेशाने ते शिक्षक. त्यांनी 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक सामान्य मराठी वाचकाला आकाश समजावे म्हणून लिहिले आणि १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. तेव्हा आकाश मराठीत समजत नाही, ते फक्त इंग्रजीत आहे, ही सबब निदान रत्नागिरीकरांनी तरी सांगू नये.

शहरातून काय काय दिसते?

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. पहिला धडा चंद्राचा. चंद्रावर शहराच्या दिव्यांचा काही परिणाम होत नाही. मात्र चंद्र पौर्णिमेला पाहू नये. पौर्णिमेला सूर्याचे किरण चंद्रावर समोरून पडतात, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र पाटासारखा सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास अर्धा चंद्र असताना उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर नजर ठेवा. तेथे खळग्यांच्या कडा आणि डोंगरांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. आपली मंडळी पौर्णिमेला विहारात एकत्र जमतात. त्या दिवशी पुढच्या अष्टमीचा कार्यक्रम जाहीर करावा, म्हणजे चंद्र पाहायला माणसे आयती मिळतील. आणि ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस धरावेत, कारण पौर्णिमेचा चंद्र हाच आकाशातला सर्वात मोठा दिवा असतो.

दुसरा धडा ग्रहांचा. शुक्र, गुरू, मंगळ, शनी हे शहरातूनही उत्तम दिसतात. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर प्रकाशतो, ही पहिली खूण. गुरू ओळखता आला की बायनॉक्युलर भिंतीला किंवा कठड्याला टेकवून त्याच्याकडे पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंस एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीन, कधी दोन. ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, हा समज मोडला. रोज रात्री वहीत एक मोठा गोल व त्याच्या बाजूला दिसतील तितके ठिपके काढावेत. आठ दिवसांत ठिपके जागा बदलतात हे आपल्याच वहीत दिसते. हे ज्याने एकदा स्वतः काढून पाहिले, त्याला गॅलिलिओचा धडा पाठ करावा लागत नाही.

शनीची कडी पाहायला मात्र लहान दुर्बीण लागते. २५-३० पट मोठे दाखवणारी असली तरी पुरे. ही कडी दर सुमारे पंधरा वर्षांनी आपल्याकडे नेमकी धार करतात आणि जवळजवळ दिसेनाशी होतात. २०२५ साली तसे घडले. आता ती वर्षागणिक अधिक उघडत जाणार आहेत, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा चांगला काळ आहे.

तिसरा धडा नक्षत्रांचा. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास डोक्यावरून किंचित दक्षिणेकडे मृग नक्षत्र असते. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि मध्ये एका ओळीत तीन तारे. हे तीन तारे रत्नागिरीच्या भर चौकातूनही दिसतात. या तिघांची ओळ एका बाजूला वाढवली की आकाशातील सर्वात तेजस्वी तारा व्याध लागतो. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्यांना पाच-सहा कृत्तिका दिसतात, बायनॉक्युलरमधून पाहिल्या की ताऱ्यांची मूठच उधळल्यासारखी वाटते. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर डाग दिसतो, तेथे सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर नवे तारे जन्म घेत आहेत.

आपल्या शेतकरी घरांना नक्षत्रे नवीन नाहीत. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही नावे आमच्या आजी-आजोबांना पेरणीमुळे तोंडपाठ होती. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो म्हणजे काय, हे बहुतेकांना सांगता येत नाही. त्या दिवसांत सूर्य आपल्याला मृग नक्षत्राच्या भागात दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच मृगाच्या पावसात मृग नक्षत्र दिसत नाही, ते दिवसा सूर्याबरोबर उगवते आणि मावळते. ते पाहायचे तर हिवाळ्यात.

फेब्रुवारीत नऊच्या सुमारास दक्षिणेला पाहा. क्षितिजावर जेमतेम वीतभर अंतरावर एक तेजस्वी तारा दिसेल, तो अगस्त्य. व्याधाच्या खालोखाल हाच तेजस्वी. हात लांब करून ताणलेली वीत म्हणजे आकाशातील सुमारे २० अंश आणि आवळलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, हे माप लक्षात ठेवावे. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव तारा आपल्याकडे उत्तर क्षितिजावर १७ अंशांवर असतो, म्हणजे वीतभरही वर नाही. ध्रुव हा सर्वात ठळक तारा असतो हा समज चुकीचा आहे. तो मध्यम तेजाचा आहे आणि शहराच्या धुरकट क्षितिजावर शोधावाच लागतो. एप्रिलअखेर ते मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी आणि दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू, असे दोन्ही एकाच गच्चीवरून दिसतात. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटलेली अंधुक अरुंधती, ही आपल्या डोळ्यांची आणि शहराच्या आकाशाची दोहोंची परीक्षा आहे.

आपल्या कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जून ते सप्टेंबर आकाश बंद. पण पाऊस धूळ धुऊन काढतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री फार स्वच्छ असतात. आकाशाचे वर्ष दसऱ्यानंतर सुरू करून मेअखेर संपवावे, हे आपल्या हवामानाला धरून आहे.

आधी डोळे, मग बायनॉक्युलर, मग दुर्बीण

खर्चाचा हिशेब आता मांडू. पहिले सहा महिने फक्त डोळे वापरावेत. घराच्या ज्या बाजूला रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांत येत नाही ती बाजू निवडावी. पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची आडोशाची भिंत पुरते. घरातले दिवे मालवावेत आणि वीस-तीस मिनिटे मोबाइल पाहू नये. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सवय मोडते. कागद वाचायला बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावावा. चटई टाकून उताणे पडावे, मान दुखत नाही आणि मुले जास्त वेळ टिकतात.

सहा महिन्यांत दहा-बारा नक्षत्रे ओळखता आली की बायनॉक्युलर घ्यावा. त्यावर ७×५० किंवा १०×५० असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० मिलिमीटरचे भिंग आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. साध्या मोबाइलच्या किमतीच्या आत तो मिळतो. दहा घरांनी वर्गणी काढली तर कुणाच्याच खिशाला भार नाही.

दुर्बीण घेताना मात्र फसू नये. "५०० पट मोठे दिसेल" असे खोक्यावर छापलेल्या लहान दुर्बिणी मिळतात. हिशेब साधा आहे. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या फार तर दुप्पट उपयोगी वर्धन. ६० मिलिमीटरची दुर्बीण १२० पटीच्या पुढे फक्त अंधूक डाग दाखवते. दुर्बिणीत पटीपेक्षा व्यास आणि भक्कम स्टँड महत्त्वाचा. अमेरिकेत जॉन डॉब्सन नावाचे एक आश्रमवासी होते. त्यांनी टाकाऊ जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाकडी खोकी वापरून मोठ्या पण स्वस्त दुर्बिणी बनवल्या आणि १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्को शहराच्या फुटपाथवर त्या मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवला. त्या पद्धतीच्या दुर्बिणीला आज जगभर त्यांचेच नाव आहे.

आणखी एक कोकणी सूचना. आपल्या दमट, खाऱ्या हवेत भिंगांना बुरशी धरते. वापर झाला की दव वाळू द्यावे आणि बायनॉक्युलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आणि एक सक्त सूचना, सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून कधीही पाहू नये. एका क्षणात डोळा कायमचा जातो. मुलांच्या हाती उपकरण देण्याआधी हे त्यांना दहा वेळा सांगावे.

मार्गदर्शनही दूर नाही. रत्नागिरीत माळनाक्याला नगर परिषदेचे तारांगण आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातील खगोल अभ्यास केंद्र आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना शिकवत आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. मोबाइलवर आकाशाचे नकाशे फुकट मिळतात, 'स्टेलॅरियम' हा त्यांतला चांगला. तो गच्चीवर जाण्यापूर्वी पाहावा आणि मग मोबाइल खिशात ठेवावा.

हौशी माणसाच्या कामाला शास्त्रात किंमत नसते असेही समजू नये. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबडा तारा २०१९ अखेर ते २०२० च्या सुरुवातीस इतका मंदावला की तो फरक साध्या डोळ्यांना शहरातूनही कळत होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या नोंदी ठेवल्या. पुढे कळले की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला होता.

हा एवढासा मंगळ!

एकदा वस्तीतल्या गच्चीवर आम्ही मुलांना ग्रह दाखवत होतो. साठीच्या एक मावशी जिना चढून वर आल्या आणि मंगळ कुठला ते विचारू लागल्या. आम्ही बोट दाखवले. बराच वेळ त्या तांबूस ठिपक्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यो एवढासा मंगळ? ह्याच्यापायी माझ्या लेकीचं जमलेलं लगीन मोडलं." गच्चीवर कुणी काही बोलले नाही.

मंगळ तांबडा दिसतो, कारण त्याच्या मातीत गंजलेले लोखंड आहे. भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळाकडे यान सोडले, ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले आणि २०२२ साली त्याचा संपर्क तुटेपर्यंत चालले. मंगळाची इतकी माहिती हाती असताना त्याच देशात मुलीच्या पत्रिकेतील मंगळाला लोक भितात. आम्ही बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे नाव घेणारे लोक, पण आमच्याही काही घरांत सोयरीक जमवताना कुणीतरी हळूच पत्रिका बाहेर काढतो, ही वस्तुस्थिती आहे. भाषणांनी हे जाते, पण सावकाश जाते. ज्या मुलीने बारा-तेरा वर्षांची असताना मंगळ स्वतः शोधला, तो आठवड्या-आठवड्याला ताऱ्यांतून कसा सरकतो हे वहीत काढले, तिला पुढे कुणी मंगळाचे भय घालू लागला तर ती हसेल. ग्रहणाचेही तसेच. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, मध्य रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास. चंद्रग्रहण पाहायला चष्मा लागत नाही, दुर्बीण लागत नाही आणि दिव्यांच्या शहरातूनही ते पूर्ण दिसते. त्या रात्री गरोदर भगिनींनाही सन्मानाने गच्चीवर बोलवावे, हे आम्ही आतापासूनच सांगून ठेवतो.

दिवा हवाच, पण खाली पाहणारा

येथे एक अवघड मुद्दा येतो. काळोखाचे गुणगान करणाऱ्या लेखांत दिव्यांवर टीका असते. ती वाचताना आम्हाला आपल्या वस्त्या आठवतात. वस्तीच्या वाटेवर एक खांब यावा म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज लिहिले, खेटे घातले. बाजारपेठेत दिवे आले तरी वस्तीपाशी येऊन तारा थांबायच्या. रात्री बाहेर जाणाऱ्या बाईच्या पायाखाली साप असे, आणि दिव्याखाली बसून मुले अभ्यास करीत. म्हणून तारे दिसावेत यासाठी वस्तीतला दिवा काढा, असे कुणी सांगू लागले तर त्याला आमचा ठाम विरोध आहे. काळोख ही ज्याने निवडलेली चैन आहे आणि काळोख ज्याच्यावर लादला गेला, त्या दोघांचा अनुभव एक नाही.

पण नीट पाहिले तर ही दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. आपल्याला उजेड हवा आहे तो पायाखाली. आकाशात गेलेला उजेड वाटेवरच्या बाईच्या उपयोगाचा नाही, शिवाय त्याचे वीजबिल सार्वजनिक पैशातून भरले जाते. दिव्यावर वरून आणि बाजूने झाकणी असली तर तोच उजेड खाली पडतो, कमी वॅटचा दिवा पुरतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि दिव्यामागचा माणूसही दिसतो. भगभगीत निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर दिवा हवेत कमी पसरतो. जाहिरातीच्या पाट्या आणि शोभेचे झोत मध्यरात्रीनंतर बंद करता येतात, वस्तीच्या वाटेवरचा खांब मात्र चालू राहिला पाहिजे. अर्ज करायचा तो असा. "दिवा द्या, आणि झाकणीचा द्या."

याचा लाभ फक्त तारे पाहणाऱ्यांनाच होतो असे नाही. आपल्या जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून बाहेर आलेली पिल्ले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. किनाऱ्यामागे प्रखर दिवे असले तर ती उलट जमिनीकडे वळतात आणि मरतात. नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले काळोखे आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे जंगलाजवळच्या गावांचे दिवे विझवले नाहीत, ते बदलून खाली तोंड असलेले बसवले. आपल्याकडेही हे अशक्य नाही.

सुरुवात अशी करा

शहरातल्या आकाशाची ओळख झाली की वर्षातून दोन-तीनदा सड्यावर जावे. रत्नागिरीच्या आसपास कातळाचे मोकळे सडे आहेत, तेथे झाडाचा आडोसा नसतो आणि चहूबाजूंचे क्षितिज मिळते. जमीनमालकाला विचारून, पाच-सात जण मिळून, पायांत बूट घालून, बॅटरी घेऊन जावे. नोव्हेंबरच्या काळोख्या रात्री तेथून देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका बायनॉक्युलरने सापडतो. त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. पण ज्याने गच्चीवर सहा महिने घालवलेले नाहीत तो सड्यावर जाऊन गोंधळतो, कारण तेथे तारे इतके असतात की ओळखीचे नक्षत्रच हरवते. शहरात मोजकेच तारे दिसतात, हे शिकणाऱ्याच्या सोयीचेच आहे. आधी ठळक अक्षरे गिरवावी, मग बारीक लिपी वाचावी.

दर घराने शंभर पानी एक वही यासाठी ठेवावी. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, हे चार रकाने आखावेत. पहिली नोंद अशी करावी. जानेवारीच्या अखेरीस, चंद्र नसताना, रात्री आठच्या सुमारास मृगाच्या मोठ्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजावेत. चार कोपरे धरू नयेत, मधले तीन धरावेत. 'ग्लोब ॲट नाइट' या उपक्रमात जगभरचे लोक २००६ पासून आपापल्या गावचे आकाश किती काळोखे आहे याची नोंद अशीच साध्या डोळ्यांनी करतात. घरातील आजी, आई आणि मुले यांनी वेगवेगळे मोजून सरासरी काढावी. वस्तीतल्या दहा वह्यांमधील आकडे एकत्र केले की आपल्या भागाच्या आकाशाचा ताळेबंद तयार होतो. पुढे झाकणीच्या दिव्यांसाठी अर्ज करताना हाच कागद सोबत जोडता येईल आणि दिवे बदलल्यावर पुढच्या जानेवारीत, त्याच गच्चीवरून, त्याच वेळी पुन्हा मोजता येईल.